नोंद खोडली, पीक उभेच

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयासाठी आम्ही नागपूरच्या जुन्या सामानाच्या बाजारातून दोन वापरलेले संगणक आणले. विकणाऱ्याने ते फॉरमॅट करून दिले होते आणि सुरू केल्यावर ते कोरेच दिसत होते. तरी खात्री करावी म्हणून हरवलेल्या फायली शोधून देणारा एक मोफत प्रोग्रॅम चालवला, तेव्हा तासाभरात पडद्यावर पीककर्जाचे अर्ज, सातबाऱ्याच्या प्रती आणि पासबुकांची पहिली पाने एकामागून एक उमटू लागली. पहिला संगणक पूर्वी एका पतसंस्थेत होता. एका अर्जावरील अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ होता की त्यातील रेषा मोजता आल्या असत्या.

फाइल पुसली किंवा साधे फॉरमॅट केले, की बहुधा फक्त तिच्या ठावठिकाण्याची नोंद जाते. मजकूर चुंबकीय तबकडीवर तसाच राहतो. सातबाऱ्यावरून पिकाची नोंद खोडली म्हणून धुऱ्याआतली तूर उपटली जात नाही. शेत नांगरून दुसरे काही पेरेपर्यंत ती उभीच असते. डिस्क नांगरायची म्हणजे तिच्या प्रत्येक कप्प्यावर नवे आकडे लिहायचे. 1996 साली पीटर गटमन यांनी यासाठी 35 फेऱ्यांची पद्धत मांडली होती, ती त्या काळच्या डिस्कसाठी होती. आजच्या चुंबकीय डिस्कला सहसा एकच पूर्ण फेरी पुरते, असे निस्ट या अमेरिकी संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे.

आमच्याकडे दोनच डिस्क होत्या; मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये त्या हजारोंनी असतात. गावातला माणूस किराण्याच्या दुकानात मोबाईलने पैसे देतो किंवा पीकविम्याचा अर्ज भरतो, त्याची नोंद अशाच कुठल्या तरी केंद्रातल्या सर्व्हरवर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या मोठ्या संगणकावर, जाऊन बसते, आणि तो सर्व्हर साधारण 3 ते 6 वर्षांनी काढून टाकला जातो. अशा बऱ्याच सर्व्हरमध्ये आता चुंबकीय डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, असते आणि तिथे नांगराची उपमा अपुरी पडते. एसएसडीतील कप्पे ठरावीक वेळा लिहिल्यावर झिजतात, म्हणून तिच्यातील नियंत्रक नवे लिखाण दरवेळी वेगळ्या कप्प्यात टाकतो आणि काही कप्पे राखीवही ठेवतो. परिणामी वरून पुन्हा लिहिले तरी जुना मजकूर कुठेतरी शिल्लक राहू शकतो. त्यासाठी डिस्कच्या नियंत्रकालाच पुसण्याची खास आज्ञा द्यावी लागते. किंवा माहिती पहिल्या दिवसापासून कूटबद्ध, म्हणजे गुप्त किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी, ठेवली असेल, तर तिची किल्ली कायमची नष्ट केली की पुरते. मला ही दुसरी पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण काम काही क्षणांत होते आणि डिस्क पुन्हा वापरता येते. चुंबकीय डिस्क पुसायला वापरतात तो जबर चुंबकाचा उपाय एसएसडीवर चालतच नाही. ती चिरडायची झाली, तर चिप अखंड उरता कामा नये. अमेरिकेची सुरक्षा संस्था अशा तुकड्यांसाठी 2 मिलीमीटरची मर्यादा सांगते.

खरी चूक मात्र पुसण्यापेक्षा मोजण्यात होते. मॉर्गन स्टॅन्ली या बँकेने 2016 मध्ये आपली दोन डेटा सेंटर बंद केली आणि ते काम माहिती नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या, सामान हलवणाऱ्या कंपनीला दिले. त्यांतील काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरील लिलावात विकली गेली. बँकेला 2020 मध्ये 6 कोटी आणि 2022 मध्ये आणखी 3.5 कोटी डॉलर दंड भरावा लागला. आमच्याकडच्या जिनिंगमध्ये साधारण 170 किलोच्या प्रत्येक रुईगाठीवर क्रमांक असतो आणि गाठ कुठून कुठे गेली ते त्यावरून सांगता येते. डिस्कचेही तसेच हवे: रॅकमधून काढताना, गाडीत चढवताना, पुसताना आणि तपासताना तोच अनुक्रमांक पुन्हा पुन्हा ताडून पाहायला हवा. स्विच आणि राऊटर यांत हमखास विसर पडतो, कारण त्यांना कोणी डिस्क समजत नाही. पण जाळ्याचे पासवर्ड त्यांच्यातच जपलेले असतात.

एवढे नीट झाले, तर सर्व्हर विकायला भीती नाही. प्रोसेसर आणि वीजपुरवठ्याचे भाग माहिती धरून ठेवत नाहीत. रॅममधील माहितीही वीज गेल्यावर टिकत नाही. यंत्र घडवताना खर्ची पडलेली ऊर्जा आणि पाणी पुनर्वापरानेच सार्थकी लागते, म्हणून भीतीपोटी सरसकट सगळे चिरडणे मला पटत नाही.

जे खरोखर मोडीत निघते, त्यात सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि डिस्कच्या चुंबकातील निओडिमियम असते. गावाबाहेर तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्या मुलांना मी पाहिले आहे. वायरीवरचे पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषे निघतात आणि तो काळा धूर थेट त्यांच्या नाकातोंडात जातो. यूपीएसच्या बॅटऱ्या उघड्यावर फोडल्या, तर शिसे मातीत उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. जगात 2022 साली 6.2 कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्यांनी असा माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच द्यायचा आहे.

वाचनालयाची पहिली डिस्क आम्ही पूर्ण नव्याने लिहून काढली. मध्येच वीज गेली, त्यामुळे काम पहिल्यापासून करावे लागले. नंतर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तेव्हा काही सापडले नाही. दुसऱ्या डिस्कमध्ये खराब कप्पे होते. असे कप्पे डिस्क स्वतःच बाजूला टाकते आणि साधे पुनर्लेखन तिथवर पोहोचत नाही, म्हणून वेल्डिंगच्या दुकानात नेऊन तिच्या तबकड्यांना आरपार भोके पाडून घेतली. दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक आणि तारीख वाचनालयाच्या नोंदवहीत आहेत. पहिलीसमोर ‘वापरात’ आणि दुसरीसमोर ‘नष्ट’ असे लिहिले आहे.