वकीलपत्राच्या जोरावर: दिवाणी वकील आणि सार्वजनिक कामाची पार्श्वभूमी

दिवाणी कोर्टात वकील बोलतो तो वकीलपत्राच्या जोरावर. अशिलाची सही, वकिलाची स्वीकृती, ठरलेले तिकीट, एवढाच तो कागद. पण तो दाखल नसेल तर कितीही नामांकित वकिलाला त्या दाव्यात तोंड उघडता येत नाही. 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' या प्रश्नाचे ते लेखी उत्तर असते. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक कामाची एक मोठी वाट याच प्रश्नातून निघाली, आणि ती काढली पुण्यातल्या एका वकिलाने.

गणेश वासुदेव जोशी (१८२८–१८८०) मूळचे साताऱ्याचे, वकिली पुण्यात. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली त्यात त्यांचा पुढाकार होता, आणि पुढे लोक त्यांना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. निमित्त होते पर्वती संस्थान या पुण्यातल्या देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे. सभेच्या घटनेत वकिलाचा हात स्पष्ट दिसतो. सभासद व्हायचे तर नुसती वर्गणी पुरत नसे; किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पहिल्या ९५ सभासदांच्या मागे अशा सुमारे ६,००० सह्या होत्या. मतदान, निवडणूक यांची ओळखही नसताना प्रतिनिधित्वाचा पुरावा कागदावर मांडण्याची ही युक्ती सरळ कोर्टाच्या दप्तरातून उचललेली होती. सह्या करणारे बहुतेक सरदार, इनामदार, सावकार आणि शिकलेला वर्ग होते हेही नोंदवले पाहिजे; ज्याच्यावर सर्वांत जास्त दावे होत होते तो कुणबी त्यात फारसा नव्हता.

त्याच्यावर इतके दावे का होत होते, हे समजायला थोडे मागे जावे लागते. पेशवाईत भांडण पंचायतीपुढे जाई. दोन्ही पक्ष आधी 'पंचांचा निर्णय मान्य' असा राजीनामा, म्हणजे संमतिपत्र, लिहून देत, हजर राहण्याबद्दल हाजिर जामीन देत, मग आपापली तकरीर, म्हणजे बाजू, सांगत. निवाडपत्र झाले की जिंकणारा सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याची फी, भरे. धंदेवाईक वकिलाला तिथे जागाच नव्हती. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या १८२७ च्या कायदेसंहितेने मुंबई इलाख्यात कोर्टांची उतरंड आणि सनदी वकील आणले, आणि १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने सगळा व्यवहार लेखी केला. आता साक्षीदाराच्या शब्दापेक्षा रोखा, म्हणजे कर्जाचा लेखी कागद, जड झाला.

त्याच साली मुदतीचा कायदाही आला. साध्या, नोंदणी न केलेल्या कर्जरोख्यावर दावा करायला ३ वर्षांची मुदत ठरली. हेतू ऋणकोला दिलासा देण्याचा होता; घडले उलटे. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात घाली. दर साल शेकडा २४ रुपये दराचा हिशेब करून पाहा: १०० रुपयांच्या कर्जाचा ३ वर्षांनी १७२ चा रोखा होतो, ६ वर्षांनी सुमारे २९६ चा आणि ९ वर्षांनी सुमारे ५०९ चा. रोखा न बदलता तेच व्याज सरळ चालले असते तर ९ वर्षांनी आकडा ३१६ असता. मधले १९३ रुपये ही केवळ कागद बदलल्याची किंमत. कोर्टापुढे मात्र शेवटचा रोखाच येई आणि त्याखाली अंगठा असे.

पुढची पायरी एकतर्फी हुकूमनाम्याची. कोर्ट लांब, समन्स दारावर डकवलेले, वकिलाला द्यायला रोख पैसा नाही, म्हणून प्रतिवादी हजरच होत नसे. हुकूमनामा झाला की त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त, मग जप्ती, लिलाव, प्रसंगी दिवाणी कैद. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत व नगर जिल्ह्यात पसरला. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता: रोखे, खाती, हुकूमनामे काढून जाळले गेले. गावकऱ्यांना आपले दुखणे नेमके कुठे आहे ते बरोबर कळले होते.

यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. न्यायाधीशाने शेवटच्या रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जायचे, प्रतिवादीची स्वतः तपासणी करायची, हप्ते बांधून द्यायचे, कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकायचे नाही, अशी त्याची रचना होती. आणि एक कलम वकिलांना झोंबणारे होते: १०० रुपयांपर्यंतच्या अशा दाव्यांत, तसेच समेट करणारे पंच आणि गावमुन्सफ यांच्यापुढे, वकिलाला उभे राहायची मनाई. दिवाणी वकिली ही तोपर्यंत पैसेवाल्याच्या बाजूची यंत्रणा झाली होती, असा सरकारचा आणि बऱ्याच लोकांचा ग्रह त्या कलमात उतरला आहे. तो पूर्ण चुकीचा होता असे म्हणवत नाही.

सार्वजनिक सभेने आपल्या परीने उत्तर शोधले होते. १८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे सबजज्ज म्हणून पुण्यात आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी केली, लवाद कोर्टाचा प्रयोग केला. लवादाला कायद्याचा आधार १८५९ च्या संहितेतच होता. कोर्टाबाहेर पंचांनी दिलेला निवाडा ६ महिन्यांच्या आत कोर्टात दाखल करण्याचा अर्ज केला, आणि त्याविरुद्ध पुरेसे कारण दिसले नाही, तर त्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखी होई. मुदत चुकली की तो मार्ग बंद. म्हणजे वकील नको म्हणून केलेल्या लवादालाही तारखा सांभाळणारा जाणकार लागतच होता.

जोशींनी स्वदेशी कापडाचे व्रत घेतले, १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात ते सभेतर्फे खादीच्या वेषात हजर राहिले, आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घेतले. शेवटचे काम फौजदारी, पण त्या वातावरणात त्याला लागणारे धैर्य मोजता येत नाही.

दिवाणी दावा हेच समाजकार्याचे रणांगण कसे होते, याचा सर्वांत भरीव दाखला महाडचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२३ मध्ये बॅरिस्टर म्हणून मुंबई हायकोर्टात आले. तिथल्या मूळ शाखेवर, म्हणजे हायकोर्टातच पहिल्यांदा दाखल होणाऱ्या दाव्यांत, सॉलिसिटरच्या हातून आल्याशिवाय बॅरिस्टरकडे काम येत नसे. जातीमुळे ते दार त्यांना जवळजवळ बंदच होते. जिल्हा कोर्टांतली कामे आणि बाटलीबॉयच्या हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवणे यावर त्यांनी निभावले. याच काळात, २० जुलै १९२४ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा काही सवर्ण हिंदूंनी १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला आणि दोन दिवसांत तूर्तातूर्त मनाई हुकूम मिळवला. दाव्याची बांधणी हुशारीची होती. १९०८ च्या नव्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ८ प्रमाणे तो प्रातिनिधिक होता: प्रतिवादी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या सर्वांच्या वतीने. निकाल विरुद्ध गेला असता तर त्या सगळ्यांच्या गळ्यात पडला असता. म्हणूनच परिषदेसाठी हजारो लोक जमलेले असतानाही मनाई हुकूम न मोडण्याचा आणि दावा लढवण्याचा निर्णय वकिली दृष्टीने अचूक होता. हुकूम मोडला असता तर जप्ती आणि कैद ओढवलीच असती, शिवाय मूळ हक्काचा मुद्दा बाजूला पडून अवज्ञेचाच मुद्दा पुढे आला असता.

मनाई हुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला. दावा ८ जून १९३१ ला महाडला फेटाळला गेला, पहिले अपील ३० जानेवारी १९३३ ला ठाण्यात, दुसरे १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात. कळीचा मुद्दा पुराव्याच्या भाराचा. वादींनी प्रथेवर हक्क उभारला होता. मग ती प्रथा अनादि काळापासून चालत आली आहे हे त्यांनीच सिद्ध करायचे, आणि ते त्यांना जमले नाही. अशी प्रथा वाजवी आहे का, सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे का, याचा निर्णय देण्याची गरजच हायकोर्टाला उरली नाही. काहींना हे अपुरे वाटते. पण ज्या कोर्टाकडून समतेवर भाषण मिळणे शक्य नव्हते, त्या कोर्टाकडून पुराव्याच्या नियमावर नऊ वर्षे झुंजून तळे खुले करून घेणे, ही दिवाणी वकिलीची खरी ताकद आहे.

आज असा दावा आला तर बचावाची साधने जास्त आहेत. १९७६ च्या दुरुस्तीने याच संहितेत कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्याला कळवल्याशिवाय हुकूम देऊ नये असा आगाऊ अर्ज, आले. ते ९० दिवस चालते आणि तेवढ्या काळात ते लावणाऱ्याला नोटीस दिल्याशिवाय अर्जावर हुकूम होत नाही. निशाणी ५ वर, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर, एकतर्फी मनाई द्यायची तर न्यायाधीशाने कारणे लिहावी लागतात आणि अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा लागतो. नेहमी होणारी चूक म्हणजे ९१ व्या दिवशी कॅव्हेट नव्याने लावायचे राहून जाणे.

गरिबाला वकील मिळण्याची सोय मात्र फार उशिरा झाली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही.

अपील नाही, म्हणूनच तिथला मसुदा सर्वांत जपून करावा लागतो. 'जमीन आपसात ठरल्याप्रमाणे वाटून घेतली' एवढ्यावर सह्या झालेल्या तडजोडी पुढे अडतात. गट नंबर, प्रत्येकाचे क्षेत्र, चतुःसीमा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, जाण्यायेण्याची वाट, पैसे द्यायचे असतील तर रक्कम आणि तारीख, आणि तारीख चुकली तर काय, हे सगळे लिहिलेले हवे. सोबत हातनकाशा जोडून त्यावरही सर्वांच्या सह्या हव्यात. एखादा हिस्सेदार, बहुतेक वेळा सासरी गेलेली बहीण, सहीला नसेल तर ती तडजोड तिच्यावर बंधनकारक नाही आणि भांडण नव्या दाव्याने पुन्हा उभे राहते. दरखास्तीला सर्वसाधारणपणे १२ वर्षांची मुदत आहे, पण ज्या कागदावर चतुःसीमाच नाहीत त्यावरून बेलिफ ताबा देणार तरी कशाचा?