प्रबोधनकालीन रूपकात्मक मुद्राचित्रांतील अम्लरेखन

अम्लरेखन, म्हणजेच एचिंग, ही धातूच्या पत्र्यावर आम्लाच्या साहाय्याने रेषा कोरून ठसे घेण्याची पद्धती होय. पत्र्यावर मेण, राळ इत्यादींचा आम्लरोधक थर देऊन त्यावर सुईने रेखाटन करतात; सुईने उघडा पडलेला धातू आम्लात झिजतो आणि खाचा तयार होतात. थर काढून खाचांत शाई भरली, पृष्ठभाग पुसला आणि ओलसर कागद ठेवून दाब दिला की रेखाटनाचा उजवे-डावे पालटलेला ठसा मिळतो.

शस्त्रे व चिलखते यांवर आम्लाने नक्षी काढण्याची कला यापूर्वीच रूढ होती. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चिलखतांवर नक्षीकाम करणाऱ्या डॅनिएल होप्फरने ती 1500च्या सुमारास कागदावरील चित्रांकडे वळवली. साल नोंदलेले सर्वांत जुने ज्ञात अम्लरेखन 1513चे असून ते स्विस चित्रकार उर्स ग्राफ याचे आहे.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने 1515 ते 1518 या काळात लोखंडी पत्र्यांवर सहा अम्लरेखने केली. 1514मधील ‘मेलेंकोलिया’ हे त्याचे प्रसिद्ध रूपकचित्र, म्हणजे अमूर्त कल्पना मूर्त खुणांतून मांडणारे चित्र, मात्र तांब्यावर कोरणी या टोकदार हत्याराने खोदलेले आहे, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. रूपकात तराजू, वाळूचे घड्याळ, पंख अशी प्रत्येक खूण स्पष्ट ओळखू यावी लागते. कोरणीची कमीअधिक जाड होणारी रेषा त्यासाठी सोयीची होती, तर लोखंडावरील आम्लाची रेषा सरसकट भरड उमटे आणि पत्रा गंजतही असे. तरीही सुई लेखणीसारखी मोकळी फिरत असल्यामुळे केस ओढणारा हताश पुरुष आणि शेजारी निजलेली स्त्री दाखवणाऱ्या त्याच्या अम्लरेखनात एक अस्वस्थ वेग आला आहे. त्याचा नेमका अर्थ अभ्यासकांना अद्याप निश्चित करता आलेला नाही, पण त्याची पकड त्यामुळे तसूभरही सैल होत नाही.

तांब्याच्या वापराने ही अडचण बरीच दूर झाली, कारण आम्लाने कोरलेल्या तांब्यावर पुढे कोरणीही चालवता येई. डच चित्रकार लूकास व्हान लेडनने 1520मध्ये सम्राट माक्सिमिलियनच्या व्यक्तिचित्रात दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या. इटलीत चित्रकार पार्मिजानीनोने या रेषेला रेखाटनाचा हळुवारपणा दिला.

रूपक आणि अम्लरेखन यांचा खरा मेळ 1540च्या दशकात फ्रान्समधील फोंतेनब्लो येथे बसला. तेथील राजवाड्यासाठी इटालियन चित्रकार रोस्सो फिओरेंतिनोने योजलेल्या चित्रात राजा फ्रांस्वा पहिला तलवार व ग्रंथ घेऊन देवालयात शिरतो आणि डोळ्यांवर पट्टी असलेले अज्ञानी जन मागे राहतात. इटालियन कलावंत आंतोनियो फांतुझ्झीने या कल्पनेचे अम्लरेखन केले. अशा ठशांमुळे राजवाड्याच्या भिंतींवरील दरबारी रूपके कागदावरून दूरच्या कलावंतांपर्यंत पोहोचली.