वजाबाकीने उघडणारं कुलूप

बिटकॉइनचे व्यवहार गुप्त असतात, हा समज काही केल्या जात नाही. बिटकॉइनचे सगळे व्यवहार जिथे नोंदले जातात ती वही, म्हणजे ब्लॉकचेन, तर कुणालाही वाचता येते! मे 2021 मध्ये कलोनियल पाइपलाइन या अमेरिकी कंपनीने सायबर खंडणी भरली. पुढच्याच महिन्यात तपास यंत्रणेने या वहीतून माग काढत 63.7 बिटकॉइन जप्त केली. वहीत नावं नसतात, पण कुठल्या पत्त्यावरून कुठे किती गेलं हे कायमचं नोंदलेलं असतं.

आता समजा, अ कडे बिटकॉइन आहे, ब कडे दुसऱ्या ब्लॉकचेनवरचं नाणं, आणि दोघांना अदलाबदल करायची आहे. आधी कुणी द्यायचं? नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजला मध्ये घ्यावं, तर सगळा भरवसा त्याच्यावर. माउंट गॉक्स हे एक्स्चेंज 2014 मध्ये बुडालं, तेव्हा ग्राहकांची लाखो बिटकॉइन अडकली.

यावर 2013 मध्ये ‘अ‍ॅटॉमिक स्वॅप’ची कल्पना पुढे आली: व्यवहार होईल तर दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही. अ एक गुपित संख्या निवडतो आणि तिचा हॅश, म्हणजे जिच्यावरून मूळ संख्या काढता येत नाही अशी खूण, दोन्ही चेनवर कुलूप म्हणून लागतो. गुपित दाखवून अ ने ब चं नाणं उचललं, की ते गुपित वहीत उघडं पडतं आणि त्यानेच ब ला बिटकॉइन मिळतं. अ ने काहीच केलं नाही, तर मुदत संपल्यावर ज्याचं त्याला परत. पण तोच हॅश दोन्ही वह्यांत दिसतो. माग काढणाऱ्याला आणखी काय हवं?

त्यावरचा उपाय, ‘अ‍ॅडॅप्टर सही’, मला या क्षेत्रातली सगळ्यात देखणी कल्पना वाटते. नाणं दुसऱ्याला द्यायला मालकाची डिजिटल सही लागते, आणि तिचा गाभा म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. समजायला छोटे आकडे घेऊ. अ चं गुपित 17. ब त्याला आपल्या नाण्यासाठी अपुरी सही देतो: 58. त्यात 17 मिळवले तरच ती पुरी होते. अ तेच करतो, 75 ही सही वहीत चढते आणि नाणं त्याचं होतं. इतरांना ती चारचौघींसारखी सही दिसते. ब कडे मात्र 58 आहेत! 75 वजा 58, म्हणजे 17. अ ने त्याला आधीच दिलेल्या अपुऱ्या सहीत तो 17 मिळवतो आणि बिटकॉइन घेतो. अपुरी सही खरंच 17 नेच पुरी होईल, हे 17 न कळताही आधी तपासता येतं; ते काम एलिप्टिक कर्व्ह या सह्यांमागच्या गणिती वक्रावरच्या बिंदूंची बेरीज करते. दोन्ही वह्यांना जोडणारी हॅशसारखी समान खूण उरत नाही.

तरीही ‘शंभर टक्के अनामिक’ या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. रक्कम आणि वेळ जुळली, की गणित कितीही पक्कं असलं तरी संशय येतोच.

मोनेरो या गोपनीयतेसाठी बनवलेल्या नाण्याशी अदलाबदल याहून अवघड. तिथे रक्कम झाकलेली असते, पण परताव्याची मुदत घालणारी स्क्रिप्ट, म्हणजे व्यवहाराला अटी जोडण्याची सोय, नाही, म्हणून मुदतीची सगळी व्यवस्था बिटकॉइनच्या बाजूला करावी लागते. शिवाय बिटकॉइन आणि मोनेरो यांचे कर्व्ह वेगळे, त्यामुळे दोन्हीकडे गुपित एकच आहे याचा वेगळा पुरावा जोडावा लागतो. तरीही 2021 पासून अशी अदलाबदल प्रत्यक्षात होते आहे.