भिजलेला पेनड्राइव्ह तांदळात ठेवू नका

ठाण्यात वंदना सिनेमाजवळ पाणी तुंबलं, त्यात बॅग भिजली, की घरोघरी एकच सल्ला मिळतो: पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात पुरून ठेव. कृपा करून असं करू नका. कच्चा तांदूळ प्लगच्या आतला ओलावा ओढून घेत नाही, उलट त्याची पूड खाचांत बसते. ॲपलनेही २०२४ मध्ये ओला आयफोन तांदळात ठेवू नका, असं सांगितलं होतं.

पाण्याने डेटा पुसला जात नाही. तो चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात असतो आणि चिप रेझिनमध्ये (कडक प्लास्टिकसारख्या आवरणात) बंद असते. घात होतो तो ओला पेनड्राइव्ह "चालतो का बघू" म्हणून लॅपटॉपला लावल्यावर: ५ व्होल्ट मिळताच शॉर्टसर्किट. गटाराचं किंवा खाडीचं खारं पाणी सुकलं तरी क्षार मागे राहतात, पिनांवर हिरवट गंज चढतो. म्हणून आधी कव्हर उघडा, बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि दोनेक दिवस पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको. मग लावा, आणि चालला तर पहिल्यांदा फायली कॉपी करा. नाहीच चालला, तर पुन्हा पुन्हा न लावता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. बिघाड बहुधा कंट्रोलरमध्ये (मेमरी चिप आणि लॅपटॉप यांच्यातला व्यवहार सांभाळणाऱ्या चिपमध्ये) किंवा जोडणीत असतो, आणि मेमरी चिप शाबूत असली तर डेटा परत मिळू शकतो.