घाम वाळतो कुठे?

पहाटे रंकाळ्याला फेरी मारणाऱ्यांच्या अंगावर हल्ली कॉलरवाला पोलो टी-शर्ट हमखास दिसतो. गोल्फच्या मैदानावरही हाच चालतो, पण तो जन्मला टेनिसमध्ये. तेव्हाचे टेनिसपटू लांब बाह्यांचे ताठ सदरे घालून खेळत. रने लाकोस्त हा फ्रेंच खेळाडू 1926 साली अमेरिकेतल्या स्पर्धेत आखूड बाह्यांचा, पिके विणीचा मऊ शर्ट घालून उतरला. पिकेला बारीक उंचवटे असतात. त्यामुळे कापड अंगाला सगळीकडे टेकत नाही, मधून हवा खेळते.

इचलकरंजीच्या मागावर ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून बसतात. ते कापड ओढलं तरी फारसं ताणत नाही. टी-शर्टाचं कापड होजिअरीचं, म्हणजे धाग्याचे फासे एकमेकांत ओवलेले. ओढला की फासा लांबतो, सोडला की मागे येतो. गोल्फचा फटका मारताना खांदे कमरेपेक्षा बरेच जास्त वळतात. तिथे मागावरचा सदरा काखेत धरतो.

खरा प्रश्न घामाचा आहे. घाम आला म्हणून अंग गार होत नाही, तो वाळला तर होतं. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेत बंबातलं सात लिटर गार पाणी उकळीला येईल! तोच घाम थेंबाथेंबाने जमिनीवर गळला, तर शरीराच्या पदरी जवळजवळ काहीच पडत नाही.

सुताला पाण्याची ओढ फार. साध्या हवेतही ते वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून ठेवतं. पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. म्हणून मेच्या उन्हात शाहू स्टेडियमवर खेळताना सुती बनियन भिजून जड होतं, पाठीला चिकटतं. खेळाच्या पॉलिस्टरमध्ये घाम धाग्यात शिरत नाही. समईच्या वातीत तेल चढावं तसा तो तंतूंमधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला येतो, पसरतो आणि पातळ थर झाल्यामुळे लवकर वाळतो.

जुलैत मात्र हे गणित बिघडतं. कोल्हापूरच्या पावसात हवाच पाण्याने भरलेली, मग घामाने वाळायचं कुठे? कितीही महागडा टी-शर्ट तिथे फारसं काही करू शकत नाही. तो कमी भिजतो, हलका राहतो, एवढाच फायदा. खासबागेत लंगोट लावून उतरणाऱ्या पैलवानाची उघडी पाठ अशा वेळी कोणत्याही कापडापेक्षा सरस, कारण तिच्यावरून वारा थेट जातो.

पॉलिस्टरचा दोष म्हणजे वास. घामातले तेलकट पदार्थ त्याला धरून राहतात आणि वास निर्माण करणारे काही जिवाणू सुतापेक्षा त्यावर जास्त पोसतात. म्हणून घरी आल्यावर टी-शर्ट पिशवीत कोंबून ठेवू नका, लगेच धुवा. धुताना कपडे मऊ करणारं सुगंधी द्रावण टाळा. त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम बाहेर खेचायच्या त्या फटी निकामी होऊ लागतात.