ओल्सेन : वडिलांच्या नावाचं आडनाव झालं ते असं

नॉर्वेत हान्सेन आणि योहान्सेन यांच्या जोडीनं सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत ओल्सेन येतं. अर्थ सरळ आहे : ओलेचा मुलगा. ओले हे ओलाव्हचं बोलीरूप. ओलाव्हच्या मुळाशी ‘पूर्वज’ आणि ‘वारस’ असे दोन जुने शब्द आहेत. 1030 मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडलेला राजा ओलाव्ह हाराल्डसन संत मानला गेला आणि त्याचं नाव देशभर रुजलं. ओले उदंड, म्हणून ओल्सेनही उदंड. दोन ओल्सेन भावकीतले असतीलच असं नाही.

मुळात हे आडनाव नव्हतंच. ओले हान्सेनचा मुलगा हान्स ओल्सेन, मुलगी कारी ओल्सदात्तर. हान्सची मुलं पुन्हा हान्सेन आणि हान्सदात्तर. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची रीत होती, त्यामुळे हान्स-ओलेची ही आलटापालट पिढ्यान्‌पिढ्या चाले. लग्नानंतरही कारी ओल्सदात्तरच राही. लिखापढी डॅनिशमध्ये होत असल्यानं नोंदवहीत मुलगा या अर्थाच्या ‘सोन’चं ‘सेन’ झालं.

नावाच्या शेवटी शेतवाडीचं नाव लागे, उदाहरणार्थ हान्स ओल्सेन बाक्के. आपल्या ‘कर’ची आठवण होते, पण आपलं गाव सुटलं तरी आडनाव सुटत नाही. तिथे वाडी बदलली की हा शब्दही बदले. शिवाय त्या वाडीवरच्या गड्यालाही तेच नाव लागे. वंशावळी फसतात त्या बहुधा इथेच.

एकोणिसाव्या शतकात शहरांतल्या मुलीही ‘सेन’ लावू लागल्या. 1923 च्या कायद्यानं प्रत्येक कुटुंबाला कायमचं आडनाव सक्तीचं केलं आणि बायकोला नवऱ्याचं लावायला लावलं. एका भावानं ओल्सेन आणि दुसऱ्यानं वाडीचं नाव धरलं, असंही झालं.

म्हणून पूर्वजांचा शोध घेताना ओल्सेन हा धागा धरून मागे जाऊ नये. 1910 च्या खानेसुमारीत जन्मतारीख आणि जन्मठिकाण मिळतं; ती डिजिटालआर्किव्हेत, म्हणजे नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर, फुकट पाहता येते. त्यावरून त्या परगण्याच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही काढावी. तिथे आईवडिलांची पूर्ण नावं, बहुतेकदा वाडी आणि साक्षीदार सापडतात. साक्षीदारांत पुष्कळदा मामा-काका असतात. मग वडिलांचं पहिलं नाव आणि वाडी घेऊन 1865 च्या खानेसुमारीत शिरावं. तिथे तारीख नाही, फक्त वय आहे, तेव्हा एक-दोन वर्षांचा फरक धरूनच चालावं. स्पेलिंगही एकसारखं नसतं : ओल्सेन, ओल्सोन, ओलुफसेन. शोधताना पहिली दोन रोमन अक्षरं देऊन पुढे तारांकन टाकलं (Ol*) की तिन्ही एकदम निघतात.