पार्श्वभूमी : चार पायांची स्लिंग आणि चौथ्या पायाचा हिशेब

क्रेनच्या हुकाला माल टांगायच्या तारेच्या दोरांच्या जुडीला वायर रोप स्लिंग म्हणतात, आणि तिच्या एकेका दोराला पाय. चार पायांच्या अशा स्लिंगच्या कडीला पत्र्याचा टॅग असतो. त्यावरचा टनांचा आकडा आणि तेवढ्याच जाडीच्या तीन पायांच्या स्लिंगवरचा आकडा सारखाच असतो. दोर एक जास्त, हुक एक जास्त, पैसे जास्त, क्षमता मात्र तेवढीच. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत नवी स्लिंग मागवताना हा प्रश्न हटकून निघतो : चौथ्या पायाचे टन गेले कुठे?

एका ओझ्याला दोन दोर लावणं आपल्याकडे नवं नाही. मोटेला नाडा आणि सोंदूर असे दोन दोर असत, आणि दोघांवर ताण सारखा नसतो हे मोट हाकणाऱ्याला ठाऊक होतं. म्हणून नाडा जाड, सोंदूर बारीक. तारेचा दोर आला तो १८३४ साली, जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या क्लाउस्थालच्या खाणीत, साखळ्या तुटण्यावरचा उपाय म्हणून. तेव्हा तो तीन पेडांचा होता, पेडात चार तारा. साखळीची एक कडी गेली की सगळं खाली येतं. दोराच्या तारा एकेक करून तुटतात आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनचे भाग ओतले जात होते तोवर बरीचशी कास्टिंग (ओतीव भाग) दोघा-चौघांनी किंवा चेन कप्पीवर उचलण्याजोगी होती. पुढे ट्रक, ट्रॅक्टर आणि मशिन टूल्सची मोठी कास्टिंग आली, शेडमध्ये क्रेन आली, यार्डात हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) फिरू लागला. चार कोपऱ्यांत चार हुक अडकवण्याची वेळ तिथून रोजची झाली.

कायदा त्याआधीच आला होता. कारखाना अधिनियम १९४८ चं (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम २९ म्हणायचं की उचलण्याच्या साधनावर सुरक्षित भार आणि ओळखीची खूण ठळक असावी, त्यापलीकडे भार घालू नये, आणि किमान १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हावी. ही ‘सक्षम व्यक्ती’ कोण, याची व्याख्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीत आली. पण चार पायांच्या स्लिंगचा सुरक्षित भार मोजायचा कसा, हे कलमात नव्हतं. ते मानकांनी ठरवलं, आणि खरा वाद तिथेच आहे.

तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. चौरंगाचा मात्र एखादा पाय हवेत राहतोच. स्लिंगचंही तसंच. चारही पायांची लांबी मिलिमीटरपर्यंत सारखी निघत नाही, कास्टिंगवरचे हुक एका पातळीत नसतात, आणि वजनाचा मध्य ड्रॉइंगवर दिसतो तिथेच असेल असं नाही. माल लवचिक असेल तर तो थोडा वाकून भार चौघांत वाटून देतो. मशिनचा बिडाचा बेड (पाया) वाकत नाही. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय ताठ होतात आणि उरलेले दोन नुसता तोल सांभाळतात.

मानकांनी यावर मधला मार्ग काढला : चार पाय असले तरी हिशेबात तीनच धरायचे. ५ टनांचा एक पाय घ्या. चार पाय सरळ लटकले आणि सगळ्यांनी सारखा भार घेतला तर २० टन झाले असते. पाय उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत फाकले तर एका पायाच्या क्षमतेला लावायचा गुणक २.१, म्हणजे १०.५ टन. ४५ ते ६० अंशांत गुणक १.५, म्हणजे ७.५ टन.

माझं मत स्पष्ट आहे. गठ्ठा बांधलेले पत्रे किंवा लवचीक फ्रेम यांना हा मधला मार्ग ठीक. कडक कास्टिंगला दोनच पाय धरावेत : ४५ अंशांपर्यंत १.४ च्या गुणकाने ७ टन, त्यापुढे ६० पर्यंत ५ टन. परदेशातल्या काही रिगिंग पुस्तिकाही कडक मालाला दोनच पाय धरायला सांगतात. यावर शेडमधला आक्षेप असा की अशाने दोर जाड होतो, स्लिंग जड होते, हेल्परला ती हुकात अडकवायला नको वाटते. आक्षेप खरा आहे. पण खाली उभा असतो तोही तोच हेल्पर.

कोनाच्या शब्दाचा गुंता वेगळाच. जुन्या तक्त्यांत दोन पायांमधला कोन असे, नव्यांत उभ्या रेषेपासूनचा, तर अमेरिकी तक्त्यांत आडव्यापासूनचा. १० टन माल दोन पायांवर घेतला आणि पायांमध्ये ६० अंश असले तर एकेका पायावर ५.७७ टन येतात. तेच ६० अंश उभ्या रेषेपासूनचे असतील तर प्रत्येक पायावर पुरे १० टन. आकडा एक, ताण जवळजवळ पावणेदोन पट. क्रेनखाली नुसतं “साठ” म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

अलीकडचा मोठा बदल आयचा, म्हणजे दोराच्या टोकाच्या फासाचा. हाताने पेड गुंफून केलेल्या आयला दोराच्या ताकदीच्या ८० टक्के धरतात, दाबून बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या फेरूलला (फास धरून ठेवणाऱ्या नळीला) ९० टक्के. फौंड्रीत मात्र उष्णता आडवी येते : तागासारख्या धाग्याचा गाभा असलेला दोर १०० अंश सेल्सिअसपर्यंतच, पोलादी गाभा आणि ॲल्युमिनियम फेरूल १५० पर्यंत. नुकतंच साच्यातून काढलेलं कास्टिंग याहून कितीतरी तापलेलं असतं, म्हणून तिथे साखळीच बरी.

दोराच्या सहा व्यासांइतक्या लांबीत सहा तारा तुटलेल्या दिसल्या, एकाच पेडात शेजारशेजारच्या तीन तुटल्या किंवा व्यास १० टक्के घटला, की स्लिंग बाद. बाद झाल्यावर आय कापून, टॅग काढूनच भंगारात टाकायची. अखंड टाकली तर घाईच्या पाळीत कुणीतरी ती उचलून परत हुकाला लावतं.